डायलिसिसवरच्या लेकराला खेळू द्यायचं का?

मूल डायलिसिसवर गेलं की घरात एकामागोमाग बंधनं येतात. मीठ कमी, पाणी मोजून, केळं बंद आणि खेळणं बंद. पहिली तीन बंधनं डॉक्टरांनी कारण सांगून घातलेली असतात. चौथं बहुतेक वेळा कुणीच लिहून दिलेलं नसतं. ते घरातून, शेजारातून, शाळेतून आपोआप येतं. 'आजारी लेकरू आहे, पळू देऊ नका', 'हाताची नस मशीनसाठी केलीय, धक्का लागेल', 'दम लागला तर कोण बघणार?' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या मनात मायाच असते. पण या मायेनं जे नुकसान होतं ते रक्ताच्या रिपोर्टात दिसत नाही, म्हणून त्याची कुणी दखल घेत नाही. सहा-आठ महिन्यांत मांड्या बारीक होतात. जिना चढताना मूल मधेच थांबतं. मग सगळे म्हणतात, बघा, आजार वाढला. त्यातला काही भाग आजाराचा असतो. काही भाग मात्र बसवून ठेवल्याचा असतो, आणि तो भरून काढता येतो.

नांदेड-लातूरच्या मुलांसाठी हा प्रश्न अंतरामुळे आणखी अवघड होतो. किनवट-माहूरच्या डोंगराळ भागातून नांदेडला यायचं म्हणजे सव्वाशे-दीडशे किलोमीटर. देगलूरहून ऐंशीच्या आसपास, उदगीरहून लातूरला साठ-पासष्ट. हिमोडायलिसिस, म्हणजे मशीनवरचं डायलिसिस, आठवड्यातून तीनदा आणि दर वेळी साधारण चार तास. वर्षाचा हिशेब केला तर १५६ खेपा आणि सहाशेहून जास्त तास खुर्चीवर किंवा खाटेवर. त्यात प्रवास धरला की आठवड्यातले तीन दिवस पूर्ण जातात. उरलेल्या दिवसांत शाळा, झोप आणि थकवा. खेळायला वेळ उरतो कुठे, हा खरा प्रश्न आहे.

मशीन मिळणंच अवघड होतं तो काळ फार जुना नाही. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत आधी सुरू झाली, त्यांत नांदेड होतं. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. २०१६ पासून केंद्राच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत मशीन येऊ लागली. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था या दोन मोठ्या सरकारी संस्था आहेत, शिवाय खासगी रुग्णालयं आहेत. मूल जगवण्याची सोय झाली, म्हणून आता ते मूल वाढवायचं कसं, हा पुढचा प्रश्न विचारता येतो. गंमत म्हणजे त्याचं उत्तर मशीनपेक्षा खूप स्वस्त आहे.

आधी एक फरक ध्यानात घ्यायला हवा. मोठ्या माणसांची किडनी बहुधा मधुमेहानं किंवा रक्तदाबानं जाते. मुलांचं तसं नसतं. कित्येकांच्या किडन्या जन्मतःच लहान किंवा नीट न घडलेल्या असतात. काही मुलग्यांच्या मूत्रमार्गात जन्मापासून पडदा असतो, लघवी मागे दाबली जाते आणि वर्षानुवर्षं किडनी झिजते. काहींचा नेफ्रोटिक आजार स्टेरॉइडला दाद देत नाही. काही आजार आनुवंशिक असतात. आई-वडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच होणारे हे आजार नात्यातल्या लग्नांत जास्त दिसतात, आणि मामाच्या मुलीशी लग्न ही आपल्याकडे अजून नवलाची गोष्ट नाही. कुणाला दोष द्यायला हे सांगत नाही. मुद्दा असा की डायलिसिसवरची सगळी मुलं एकसारखी नसतात. एकाला दिवसभरात लघवीच होत नाही. जन्मतः किडनी बिघडलेल्या दुसऱ्याला डायलिसिसवर असूनही भरपूर पातळ लघवी होते आणि तिच्यातून मीठही जातं. पहिल्याला पाणी मोजून द्यायचं असतं. दुसऱ्याला तेच बंधन घालून उन्हात पळवलं तर तो कोरडा पडेल. म्हणून शेजारच्या खाटेवरच्या मुलाचा नियम आपल्या मुलाला लावू नये, खेळाच्या बाबतीत तर मुळीच नाही.

आता दम का लागतो ते पाहू. किडनी फक्त लघवी तयार करत नाही. हाडांच्या पोकळीत रक्त बनवायला सांगणारं एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक मुख्यतः किडनीतच तयार होतं. किडनी गेली की ते घटतं आणि हिमोग्लोबिन उतरतं. म्हणून या मुलांना त्याची इंजेक्शनं आणि लोह द्यावं लागतं. हिमोग्लोबिन सातवर असलेल्या मुलाला 'आळशी' म्हणणं अन्यायाचं आहे, कारण त्याच्या स्नायूंपर्यंत प्राणवायूच पुरेसा पोचत नाही. ते दहा-अकराच्या पुढे गेलं की तेच मूल आपणहून उठून बसायला लागतं. व्यायामाची पहिली पायरी म्हणूनच प्रयोगशाळेत असते.

दुसरी गोष्ट स्नायूंची. निकामी किडनीमुळे रक्तात आम्ल साचतं. शरीर ते आवरायला धडपडतं आणि त्या धडपडीत स्नायूंमधली प्रथिनं मोडली जातात. त्यात तोंडाला चव नसते, मळमळ होते, जेवण कमी जातं. घरातलं सरपण संपलं की छपराचे वासे काढून जाळावेत, तसं शरीर आपलेच स्नायू वापरायला काढतं. वाढीच्या वयात हे होतं तेव्हा नुकसान दुहेरी असतं, कारण जे तयार व्हायचं तेही होत नाही. वाढीचं संप्रेरक रक्तात असूनही त्याला शरीर नीट प्रतिसाद देत नाही, म्हणून ही मुलं उंचीला कमी राहतात. बारा वर्षांचा मुलगा आठचा वाटतो आणि मग त्याला वागवलंही आठच्या मुलासारखं जातं. हाडांचंही तसंच. किडनी 'ड' जीवनसत्त्वाला कामाच्या रूपात आणते. ते थांबलं आणि फॉस्फरस वाढला की हाडं ठिसूळ होतात, गुडघे आत वळतात, पाय दुखतात. पायावर भार पडला की हाड घट्ट होतं, भार नसेल तर ते आणखी विरळ होतं.

तिसरी आणि सगळ्यांत गंभीर गोष्ट हृदयाची. डायलिसिसवरच्या मुलांच्या मृत्यूच्या मुख्य कारणांमध्ये हृदयविकार आणि संसर्ग येतात. वाढलेला रक्तदाब, दोन डायलिसिसांच्या मध्ये साचलेलं पाणी आणि कमी हिमोग्लोबिन यांनी हृदयाची भिंत जाड होते. म्हणजे आपण जे हृदय जपायला मुलाला बसवून ठेवतो, त्यालाच हालचालीची गरज असते. फक्त ती मोजून-मापून द्यायची असते.

किडनीच्या आजारात अंथरुणाला खिळवून ठेवायची पद्धत जुनी आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात किडनीला सूज आलेल्या मुलांना आठवडेच्या आठवडे, कधी महिनेच्या महिने झोपवून ठेवत. औषधंच फारशी नव्हती, तेव्हा विश्रांती हाच उपचार होता. औषधं आली, डायलिसिस आलं, तरी तो सल्ला लोकांच्या मनात टिकून राहिला. १९८६ मध्ये अमेरिकेत पॅट्रिशिया पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या रुग्णांना डायलिसिस चालू असतानाच सायकल मारायला लावून त्याचे परिणाम मांडले. मशीन चालू आहे, हातात सुया आहेत आणि पाय पेडल मारताहेत, हे दृश्य त्या वेळी अनेकांना धाडसाचं वाटलं असेल. पुढे मोठ्यांच्या बाबतीत हा प्रयोग जगभर झाला. मुलांपर्यंत यायला मात्र वीस-बावीस वर्षं गेली.

मुलांवरचे अभ्यास थोडे आहेत आणि लहान आहेत, पण त्यांतले तीन एकमेकांशेजारी ठेवले की एक उपयोगाची गोष्ट कळते. २००९ मध्ये ह्यूस्टनच्या मुलांच्या रुग्णालयातून एका लहान गटाचा अनुभव छापून आला. डायलिसिस चालू असताना आठवड्यातून दोनदा व्यायाम करणाऱ्या मुलांच्या पायांची ताकद वाढली होती. पुढे इटलीत मिलानच्या एका केंद्रानं दहा मुलं आणि तरुणांना तीन महिने डायलिसिसच्या वेळी पेडल मारायला लावलं. त्यांची सहा मिनिटांत चालायची मजल वाढली, पायांत जोर आला. त्याच २००९ मध्ये नेदरलँड्समध्ये मात्र वेगळं घडलं. तिथं किडनी निकामी झालेल्या मुलांना घराजवळच्या फिजिओथेरपिस्टकडे आठवड्यातून दोनदा पाठवायचं ठरलं होतं. बहुतेक मुलांना तो कार्यक्रम मधेच सोडावा लागला. व्यायाम वाईट म्हणून नव्हे, तर आजारपण, रुग्णालयात भरती होणं आणि थकवा यांतून आणखी दोन खेपा कुणाला झेपत नव्हत्या म्हणून.

गुळगुळीत रस्ते आणि घराजवळ फिजिओथेरपिस्ट असलेल्या देशात हे झालं. मग किनवटच्या मुलाला 'व्यायामासाठी आणखी एकदा नांदेडला आणा' असं सांगण्यात काय अर्थ आहे? माझं मत स्पष्ट आहे. आपल्याकडे या मुलांच्या व्यायामाची सुरुवात डायलिसिसच्या खाटेवरच व्हायला हवी. त्या चार तासांसाठी मूल आलेलंच असतं. रक्तदाब दर थोड्या वेळानं मोजला जातच असतो. टेक्निशियन आणि सिस्टर दोन पावलांवर असतात. इतकी सुरक्षित जागा या मुलाला दुसरीकडे कुठे मिळेल? आणि चार तास मोबाइलकडे बघत बसण्यापेक्षा त्यातली वीस मिनिटं पाय चालले तर बिघडतं काय?

साधन म्हणजे पायाशी ठेवायचं पेडल. वैद्यकीय उपकरणांच्या दुकानात ते दोन-तीन हजार रुपयांत मिळतं. खाटेच्या टोकाला ते घट्ट बांधायचं आणि मुलाची पावलं पट्ट्यांनी अडकवायची. पेडल नसेल तर पायाला अर्ध्या किलोची वाळूची पिशवी बांधून पाय उचलणं, ताणाच्या रबरी पट्ट्या, गुडघे वाकवणं-सरळ करणं हेही चालतं. सुई ज्या हाताला आहे तो हात मात्र स्थिर ठेवायचा. वेळ पहिल्या दीड-दोन तासांतला. नंतर अंगातलं पाणी बरंच काढलं गेलेलं असतं, रक्तदाब घसरायची शक्यता वाढते, पायात गोळे येतात, म्हणून शेवटचे दोन तास टाळावेत. पहिल्या दिवशी पाच मिनिटं पुरेत. मग दर खेपेला एक-दोन मिनिटं वाढवत वीस-तीस मिनिटांवर न्यायचं. जोर किती लावायचा हे मुलाच्या बोलण्यावरून कळतं. पेडल मारता मारता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करायचा. व्यायाम चालू असताना स्नायूंत रक्त जास्त खेळतं, आत अडकलेला युरिया आणि फॉस्फरस थोडा अधिक बाहेर येतो, आणि मशीन चालूच असल्यामुळे तो तिथल्या तिथं काढला जातो. हा फायदा फार मोठा आहे असं नाही, पण तो फुकट मिळतो.

हे करणार कोण? डायलिसिसच्या टेक्निशियनकडे आधीच काम पुष्कळ असतं. पण फिजिओथेरपीची पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांना शेवटी सहा महिने प्रत्यक्ष काम करावं लागतं, आणि लातूरला महाराष्ट्र इन्स्टिट्यूट ऑफ फिजिओथेरपीसारखं महाविद्यालय आहेच. आठवड्यातून तीन दिवस एक विद्यार्थी डायलिसिस विभागात आला तरी काम सुरू होईल. प्रगती मोजायलाही महागडं यंत्र लागत नाही. तीस मीटरचा मोकळा कॉरिडॉर आणि घड्याळ असलं की सहा मिनिटांत मूल किती मीटर चालतं ते कळतं. खुर्चीवरून हात न टेकता तीस सेकंदांत किती वेळा उठता येतं, हे त्याहून सोपं. हे दोन आकडे दर तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन आणि पोटॅशियमच्या शेजारी फाईलमध्ये लिहिले पाहिजेत. जे मोजलं जात नाही त्याकडे आपल्या रुग्णालयांत कुणी बघत नाही.

डायलिसिस नसलेल्या दिवसाचं काय? जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी साठ मिनिटं दमवणारी हालचाल सांगितली आहे, आणि अपंगत्व असलेल्या मुलांसाठीही तेवढीच. डायलिसिसवरच्या मुलासाठी हा लांबचा टप्पा आहे. ते त्याचं रोजचं माप नाही. सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं चालणं इथून सुरू करावं. दुकानातून काही आणणं, बहिणीबरोबर अंगणात लगोरी, संथ गतीची थोडी आसनं, हे सगळं व्यायामच आहे. डायलिसिस झालेल्या संध्याकाळी बरीच मुलं गळून गेलेली असतात. त्या दिवशी झोपू द्यावं.

काही वेळा मात्र थांबायलाच हवं. आठवड्यात दोन डायलिसिसांमध्ये एकदा दोन पूर्ण दिवसांचं अंतर पडतं. त्या मोठ्या खंडाच्या शेवटी रक्तात पोटॅशियम आणि अंगात पाणी सर्वांत जास्त साचलेलं असतं. जोराच्या व्यायामात स्नायूंतून आणखी पोटॅशियम रक्तात येतं. निरोगी किडनी ते सांभाळते, या मुलाची सांभाळू शकत नाही, आणि पोटॅशियम फार चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून त्या दिवशी पळापळ नको. डायलिसिसची एखादी खेप चुकली असेल तर ती होईपर्यंत खेळ बंदच. ताप, उलट्या-जुलाब, चेहऱ्यावर सूज, आडवं झाल्यावर लागणारा दम, डोकं दुखणं, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, यांतलं काहीही असलं तर खेळ नको आणि डायलिसिस केंद्राला लगेच फोन करावा. सुरुवात करण्याआधी रक्तदाब, हिमोग्लोबिन, पोटॅशियम, ईसीजी आणि हृदयाची सोनोग्राफी यांवरून डॉक्टरांनी हिरवा कंदील दिलेला असावा.

हाताच्या फिस्टुलाची भीती सर्वांना सगळ्यांत जास्त असते. फिस्टुला म्हणजे शस्त्रक्रियेनं शीर धमनीला जोडून मोठी केलेली नस. ती तयार व्हायला काही आठवडे ते दोन-तीन महिने लागतात. टाके भरले की डॉक्टरच मुलाला रबराचा मऊ चेंडू दाबायला सांगतात. म्हणजे त्या हाताला तर व्यायाम मुद्दाम हवा असतो. फिस्टुलावर हात ठेवला की आत थरथर जाणवते. ही थरथर खेळण्याआधी आणि खेळून आल्यावर मुलानं स्वतः तपासायची सवय लावावी. सात-आठ वर्षांचं मूल हे सहज शिकतं. थरथर थांबली असं वाटलं तर त्याच दिवशी केंद्रात जायचं. त्या हातात घट्ट घड्याळ-कडं नको, त्यावर डोकं टेकून झोपणं नको, जड दप्तर लटकवणं नको, रक्तदाब त्या हाताला मोजायचा नाही. धक्का लागेल अशा खेळात वरून मऊ गार्ड बांधावा.

गळ्याजवळ कॅथेटर, म्हणजे डायलिसिसची नळी, असेल तर गोष्ट वेगळी. लहान मुलांच्या शिरा बारीक असल्यानं कित्येकांना फिस्टुलाऐवजी तेच असतं. तिथं पाणी आणि धूळ दोन्ही शत्रू. ते ओढलं गेलं तर रक्तस्राव, ओलं झालं तर थेट रक्तात जंतू. अशा मुलाला चालणं, पेडल, हलकी आसनं चालतील. पोहणं, ओढाओढी, डोकं खाली करायच्या कसरती नकोत. आपल्याकडची मुलं उन्हाळ्यात विहिरीत आणि गोदावरीच्या डोहांत पोहायला शिकतात. कॅथेटर असलेल्या मुलाला, मग ते गळ्याला असो की पोटाच्या डायलिसिससाठी पोटाला, तसं पाण्यात उतरू देणं धोक्याचंच. कुस्तीही नको. हिंदकेसरी हरिश्चंद्र बिराजदारांच्या लातूर जिल्ह्यात हे सांगणं जिवावर येतं, तरी सांगायला हवं. कबड्डी, कुस्ती, मल्लखांब बाजूला ठेवून लंगडी, बॅडमिंटन, प्लास्टिकच्या चेंडूचं क्रिकेट, सपाट रस्त्यावर सायकल, नाच, एवढं सगळं उरतं. खो-खोत पळणं फार सलग आणि जोराचं असतं. ज्यांची तब्येत सावरली आहे त्यांनी तो छोट्या डावांत, मधे थांबत खेळावा.

मराठवाड्याचं ऊन हा स्वतंत्र विषय आहे. मे महिन्यात नांदेडचा पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जातो. अशा दिवसांत सकाळी आठनंतर आणि संध्याकाळी सहाच्या आधी या मुलांनी बाहेर खेळू नये. ज्या मुलाला लघवी होतच नाही, त्याच्या पाण्याचा हिशेब श्वासातून आणि कातडीतून नकळत जाणाऱ्या पाण्यावर बांधलेला असतो. शरीराच्या एका चौरस मीटरला दिवसाचं साधारण ४०० मिलिलिटर. २८ ते ३० किलोच्या मुलाचं क्षेत्रफळ तेवढंच, म्हणजे एक चौरस मीटरच्या आसपास, असतं. दोन पेले पाण्यात दिवस काढणाऱ्या या मुलाला खेळून आल्यावर कोरड पडते, आणि घरचे तांब्या पुढे करतात. त्याऐवजी चूळ भरू द्यावी, बर्फाचा एक खडा चोखू द्यावा, तोंडावर ओला रुमाल फिरवावा. घाम खूप आला असेल तर थोडं जास्त पाणी चालतं, पण ते अंदाजानं ठरवू नये. घरी वजनकाटा ठेवून खेळायच्या आधीचं आणि नंतरचं वजन लिहावं आणि डॉक्टरांना विचारून नियम ठरवावा. दोन डायलिसिसांच्या मध्ये वजन पाच टक्क्यांहून जास्त वाढू नये, म्हणजे वीस किलोच्या मुलाचं एक किलोच्या आत राहावं, असा सर्वसाधारण संकेत आहे. भरपूर लघवी होणाऱ्या मुलाचं उलट, त्याला पाणी आणि कधी मीठही जास्त लागतं.

खेळून आल्यावरचा खाऊ हाही असाच नाजूक प्रश्न. अर्धापूरची केळी आपल्या तोंडात बसलेली. पण एका मध्यम केळ्यात ४०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं, आणि पेलाभर शहाळ्याच्या पाण्यात त्याहूनही जास्त. थकलेल्या मुलाला 'ताकद येईल' म्हणून शहाळं पाजणं हे इथं औषधाच्या जागी विष ठरू शकतं. बाजारातली क्रीडापेयं आणि इलेक्ट्रॉलची पाकिटंही स्वतःच्या मनानं देऊ नयेत. पोहे, मुरमुरे, साधी पोळी आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात अंड्याचा पांढरा भाग चालतो. अंड्याचा उल्लेख मुद्दाम केला, कारण डायलिसिसवरच्या मुलाला प्रथिनं कमी नाही तर पुरेशी लागतात. डायलिसिस सुरू होण्याआधी काहींना डाळ-अंडं कमी करायला सांगितलेलं असतं, आणि पुढे सुरू झाल्यावरही घरात तोच नियम चालू राहतो. प्रथिनं न देता व्यायाम करवला तर स्नायू बनतील कशाचे?

मघाच्या पाण्याच्या विषयावरून आठवलं, ज्यांना पोटाचं डायलिसिस करता येतं त्यांचं हे सगळं थोडं सोपं होतं. मशीनच्या एका वेळच्या डायलिसिसला मिनिटाला अर्धा लिटर या हिशेबानं चार तासांत १२० लिटर शुद्ध पाणी लागतं, आणि ते शुद्ध करताना वाया जातं ते वेगळं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात हा १२० चा आकडा किती मोठा होता, ते लातूरकरांना वेगळं सांगायला नको. पोटाच्या डायलिसिसचं द्रावण पिशव्यांतून तयार येतं. ते घरी, रोज, आई-वडील करू शकतात, आणि रात्रीच्या यंत्रावर असेल तर मुलाचा दिवस मोकळा राहतो. किनवटच्या मुलाचे आठवड्यातले तीन दिवस असे परत मिळू शकतात. अट एकच, स्वच्छ खोली आणि धुतलेले हात. व्यायामाच्या बाजूनं काळजी अशी की पोटात द्रावण भरलेलं असताना जोर लावायचा नाही. पोटाचे व्यायाम आणि जड उचलणं टाळायचं, नाही तर हर्निया होतो किंवा द्रावण झिरपतं. पळायचं असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं आधी पोट रिकामं करून घ्यावं आणि नळी पट्ट्यानं अंगाशी घट्ट बांधावी.

यातल्या कित्येक मुलांचं अंतिम ठिकाण प्रत्यारोपण हे आहे. आपल्या देशात बहुतेक वेळा आई किंवा वडील किडनी देतात. मेंदू मृत झालेल्या व्यक्तीच्या अवयवांसाठी मराठवाड्याची विभागीय समन्वय समिती छत्रपती संभाजीनगरला आहे. शस्त्रक्रियेला चांगल्या स्नायूंनी आणि बऱ्या हृदयानं सामोरं जाणारं मूल लवकर उठतं, लवकर घरी येतं. म्हणजे डायलिसिसच्या खाटेवरचं पेडल ही प्रत्यारोपणाची तयारीच आहे. नवी किडनी खाली ओटीपोटात, पुढच्या बाजूला बसवतात. तिथं फासळ्यांचं संरक्षण नसतं, म्हणून अंगावर येणारे खेळ पुढेही जपूनच. पण खेळणं संपत नाही. क्रोएशियाचा फुटबॉलपटू इव्हान क्लास्निच याच्यावर २००७ मध्ये दोनदा प्रत्यारोपण झालं. आईची किडनी शरीरानं नाकारली, मग वडिलांनी दिली. २००८ च्या युरो स्पर्धेत तो देशाकडून उतरला आणि पोलंडविरुद्ध त्यानं गोल केला. प्रत्यारोपण झालेल्यांच्या जागतिक क्रीडास्पर्धा तर १९७८ पासून भरतात. हे आपल्या मुलांना सांगायला हवं, कारण आजवर त्यांना फक्त काय बंद आहे तेवढंच सांगितलेलं असतं.

राहिली शाळा. लातूर पॅटर्नच्या गावात धडधाकट मुलांनाही आठवीपासून मैदान कमीच दिसतं. क्लास, टेस्ट, पुन्हा क्लास. डायलिसिसचं मूल तर आधीच आठवड्याचे तीन दिवस गैरहजर, म्हणून उरलेल्या दिवसांत त्याला पी.टी.च्या तासाला वर्गातच बसवून वही पूर्ण करायला लावतात. शिक्षकांनाही भीती वाटते, आणि ती चूक नाही. त्यांना कुणी काही सांगितलेलंच नसतं. म्हणून डायलिसिस केंद्रानं शाळेच्या नावानं एक पत्र द्यावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतंच, त्यांच्याही हाती त्याची प्रत द्यावी. पत्र मराठीत असावं आणि एका पानाचं असावं. मुलाला काय झालंय ते दोन ओळींत. कोणते खेळ चालतील आणि कोणते नाहीत, ते नावानिशी. फिस्टुला कोणत्या हाताला आहे किंवा कॅथेटर कुठे आहे. पाणी किती प्यायचं, आणि भरपूर लघवी होणारं मूल असेल तर त्याला पाण्यासाठी आणि लघवीसाठी कधीही जाऊ द्यायचं. कोणत्या दिवशी पळवायचं नाही. दमला तर तो स्वतः थांबेल, त्याला 'आणखी एक फेरी' म्हणू नये. सुई काढलेल्या जागेतून रक्त आलं तर स्वच्छ कापडानं घट्ट पण नस पूर्ण बंद होणार नाही इतकं दाबून धरावं आणि केंद्राला कळवावं. कॅथेटर ओढलं गेलं तर त्याला हात न लावता, बाहेर आलं असेल तर ती जागा दाबून धरून थेट दवाखान्यात न्यावं. आणि शेवटी केंद्राचा फोन नंबर, दिवसाचा वेगळा आणि रात्रीचा वेगळा.